गणित येतं, पण सम समजत नाही: शाब्दिक उदाहरणं पायरी-पायरीने

"टीचर, फॉर्म्युलो येता, पूण सम समजना." म्हणजे सूत्र येतं, पण सम (इंग्रजी sum, उदाहरण) समजत नाही. फोंड्याजवळच्या माझ्या शिकवणीत दरवर्षी जूनमध्ये हे वाक्य ऐकू येतं. नववी-दहावीची मुलं सांगतात ते खरंच असतं. वर्गसमीकरणाचं सूत्र त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी येतं. पण त्याच समीकरणावरचं चार ओळींचं शाब्दिक उदाहरण पुढे आलं की पेन्सिल थांबते.

अडचण बहुतेक वेळा गणितात नसते, वाचण्यात असते. गोव्यात पुष्कळ मुलं चौथीपर्यंत मराठीत किंवा कोकणीत शिकतात आणि पाचवीपासून इंग्रजी माध्यमात जातात. घरी कोकणी, कीर्तनात आणि वर्तमानपत्रात मराठी, गणिताच्या पुस्तकात इंग्रजी. आकडेमोड तिन्ही भाषांत एकच, वाक्य मात्र एक नाही. म्हणून इथे परीक्षेत हमखास येणारी काही उदाहरणं पहिल्या ओळीपासून सोडवून दाखवते, आणि जिथे वाक्याचं समीकरण होतं त्या जागी जास्त वेळ थांबते. वहीत तुम्ही इंग्रजी अक्षरं लिहाल, मी क्ष आणि य लिहिते. काम तेच.

आधी आपल्या भाषेत सांगा

मागे एका मुलीच्या वहीत मी ५ − २क्ष असं पाहिलं. पुस्तकातले शब्द होते, "फाइव्ह लेस दॅन ट्वाइस अ नंबर". तिने डावीकडून उजवीकडे जसं वाचलं तसंच उतरवलं: फाइव्ह, मग लेस, मग ट्वाइस. मी म्हटलं, "वही मीट आणि हे आजीला सांगायचं तर कसं सांगशील?" ती म्हणाली, "एका संख्येच्या दुपटीपेक्षा पाचने कमी." मग तिची तीच हसली आणि २क्ष − ५ लिहिलं.

मराठीचा इथे मोठा आधार आहे. आपल्या वाक्यात आधी दुप्पट येते, कमी करणं शेवटी येतं, आणि समीकरणातही क्रम तोच असतो. म्हणून माझा पहिला नियम असा: उदाहरण दोनदा वाचायचं, आणि दुसऱ्यांदा वाचून झालं की पुस्तकाकडे न बघता आपल्या भाषेत मोठ्याने सांगायचं. सांगताना आकडे आठवले नाहीत तरी चालेल. काय दिलंय आणि काय विचारलंय एवढं आलं पाहिजे. याला अर्धा मिनिट लागतो, आणि पुढची दहा मिनिटं वाया जाणं टळतं.

काही शब्द ठरावीक ठिकाणी फसवतात. "ॲट लीस्ट" ऐकलं की मुलांच्या डोक्यात "कमी" येतं, पण त्याचा अर्थ "किमान", म्हणजे तेवढं किंवा त्याहून जास्त. दोन नाणी उडवली, किमान एक छापा पडण्याची शक्यता किती? छापा-छापा, छापा-काटा, काटा-छापा, काटा-काटा अशा चार शक्यता आहेत. त्यांपैकी तिघींत किमान एक छापा आहे. उत्तर ३/४. दोन छाप्यांची शक्यता सोडून देऊन १/२ लिहिणारी मुलं दर वर्गात सापडतात, आणि त्यांना संभाव्यता येत नसते असं नाही. "कन्सेक्युटिव्ह ऑड नंबर्स" म्हणजे लागोपाठच्या विषम संख्या, त्या क्ष आणि क्ष + २. इथे क्ष + १ लिहिलं तर दुसरी संख्या सम होते.

"क्ष = खाजे" असं लिहू नका

जत्रेचं उदाहरण घेऊ. खाज्याच्या ३ पुड्या आणि चण्यांच्या २ पुड्या मिळून ३४० रुपये होतात. खाज्याच्या २ आणि चण्यांच्या ३ पुड्या घेतल्या तर ३१० रुपये. प्रत्येक पुडीची किंमत काढा.

निम्म्या वह्यांत पहिली ओळ असते: "समजा, क्ष = खाजे, य = चणे". परीक्षक कदाचित गुण कापणार नाहीत, पण मी ही ओळ खोडून परत लिहायला लावते. खाजे ही संख्या नाही. क्ष म्हणजे पुड्यांची संख्या, की पुडीची किंमत, की एकूण खर्च? आता ठरवलं नाही तर चौथ्या ओळीत गोंधळ होणार. योग्य ओळ अशी:

समजा, खाज्याच्या एका पुडीची किंमत क्ष रुपये आणि चण्यांच्या एका पुडीची किंमत य रुपये.

ओळ लांब आहे, तरी पूर्ण लिहा. कशाची, किती आणि कोणत्या एककात, तिन्ही गोष्टी तिच्यात आल्या. आता समीकरणं आपोआप येतात:

३क्ष + २य = ३४०
२क्ष + ३य = ३१०

सहगुणक (क्ष आणि य यांच्यापुढचे आकडे) अदलाबदल झालेले दिसले की निरसनासाठी गुणत बसू नका. दोन्ही समीकरणं मिळवा: ५क्ष + ५य = ६५०, म्हणजे क्ष + य = १३०. आता पहिल्यातून दुसरं वजा करा: क्ष − य = ३०. ही दोन सोपी समीकरणं मिळवली की २क्ष = १६०, क्ष = ८०, आणि य = ५०.

ताळा घेताना समीकरणाकडे परत जाऊ नका, जत्रेत परत जा. ३ पुड्या खाजे २४० रुपये, २ पुड्या चणे १०० रुपये, एकूण ३४०. बरोबर. दुसऱ्या वेळी १६० आणि १५०, एकूण ३१०. हेही बरोबर. ताळा मूळ वाक्यात का घ्यायचा, ते पुढच्या उदाहरणात दिसेल.

होडी, सुकती आणि अर्धा तास

ओहोटीला आमच्याकडे सुकती म्हणतात. मांडवीच्या काठी राहणाऱ्या मुलांना प्रवाहाबरोबर जाणं आणि प्रवाहाविरुद्ध जाणं यांतला फरक शिकवावा लागत नाही, तरी हे उदाहरण सर्वांत जास्त चुकतं.

एका होडीचा स्थिर पाण्यातला वेग ताशी १० किमी आहे. १२ किमी अंतर प्रवाहाविरुद्ध जायला तिला प्रवाहाबरोबर येण्यापेक्षा ३० मिनिटं जास्त लागतात. प्रवाहाचा वेग काढा.

समजा, प्रवाहाचा वेग ताशी क्ष किमी. मग विरुद्ध जाताना होडीचा वेग १० − क्ष, बरोबर येताना १० + क्ष. मी मुलांना इथे तीन रकाने आखायला लावते: अंतर, वेग, वेळ. दोन रकाने भरले की तिसरा भागाकाराने मिळतो. वेळ = अंतर ÷ वेग, म्हणून विरुद्ध दिशेची वेळ १२/(१० − क्ष) तास आणि अनुकूल दिशेची १२/(१० + क्ष) तास.

आता वाक्यातला "जास्त" हा शब्द. जास्त वेळ कुणाला? विरुद्ध जाताना. म्हणून ती वेळ आधी लिहायची आणि तिच्यातून दुसरी वजा करायची. आणि ३० मिनिटं म्हणजे १/२ तास, कारण वेग ताशी दिलेला आहे.

१२/(१० − क्ष) − १२/(१० + क्ष) = १/२

डाव्या बाजूचा समान छेद (१० − क्ष)(१० + क्ष), म्हणजे १०० − क्ष². अंशात १२(१० + क्ष) − १२(१० − क्ष). कंस सोडवताना दुसऱ्या कंसापुढचं वजाचं चिन्ह आत दोघांना लागतं: १२० + १२क्ष − १२० + १२क्ष = २४क्ष. म्हणून

२४क्ष/(१०० − क्ष²) = १/२
४८क्ष = १०० − क्ष²
क्ष² + ४८क्ष − १०० = ०

गुणाकार −१०० आणि बेरीज ४८ असलेल्या संख्या ५० आणि −२.

(क्ष + ५०)(क्ष − २) = ०

क्ष = २ किंवा क्ष = −५०. वेग ऋण नसतो, म्हणून प्रवाहाचा वेग ताशी २ किमी. ताळा: विरुद्ध जाताना वेग ८, वेळ १२/८ म्हणजे दीड तास. येताना वेग १२, वेळ एक तास. फरक अर्धा तास.

आता चूक करून पाहू, कारण या चुकीत शिकण्यासारखं जास्त आहे. उजव्या बाजूला १/२ ऐवजी ३० लिहिलं असतं तर ५क्ष² + ४क्ष − ५०० = ० असं समीकरण आलं असतं. अवयव पडत नाहीत. सूत्र वापरलं तर क्ष साधारण ९.६ येतो. ही संख्या धन आहे, होडीच्या वेगापेक्षा कमी आहे, आणि त्या चुकीच्या समीकरणात ठेवून पाहिली तर तंतोतंत बसते. समीकरणात ताळा घेणारा मुलगा समाधानाने पुढच्या उदाहरणाकडे जाईल. पण मूळ वाक्यात ठेवा: विरुद्ध जाताना होडीचा वेग ताशी ०.४ किमी राहतो आणि १२ किमी जायला तीस तासांहून जास्त लागतात. कुठल्याही होडीवाल्याला विचारा, तो मान हलवेल. समीकरणात घेतलेला ताळा फक्त समीकरण सोडवण्यातली चूक पकडतो. समीकरण मांडण्यातली चूक वाक्यात परत गेल्याशिवाय सापडत नाही.

वेळांचा क्रम उलटा लिहिला तर उत्तरं ५० आणि −२ येतात. ५० धन आहे म्हणून ते उत्तर लिहून मोकळी होणारी मुलं मी पाहिली आहेत. ताशी ५० किमीच्या प्रवाहाविरुद्ध ताशी १० किमीची होडी कुठे पोचणार?

सूत्र विसरलात तर

वर्गसमीकरणाचं सूत्र आपल्याकडे जुने भारतीय गणिती श्रीधराचार्य यांच्या नावाने ओळखलं जातं. त्यांची रीत मला पाठ केलेल्या सूत्रापेक्षा आवडते, कारण तिच्यात अपूर्णांक मध्येच येत नाहीत. २क्ष² − ५क्ष − ३ = ० घ्या. क्ष² च्या सहगुणकाची चौपट करा, ८. सगळं समीकरण ८ ने गुणा:

१६क्ष² − ४०क्ष − २४ = ०
१६क्ष² − ४०क्ष = २४

आता क्ष च्या मूळ सहगुणकाचा वर्ग, म्हणजे २५, दोन्ही बाजूंना मिळवा:

१६क्ष² − ४०क्ष + २५ = ४९
(४क्ष − ५)² = ४९
४क्ष − ५ = ७ किंवा ४क्ष − ५ = −७

क्ष = ३ किंवा क्ष = −१/२. शेवटून दुसरी ओळ लिहिताना −७ विसरू नका. वर्गमूळ घेतलं की दोन वाटा फुटतात, आणि दुसरी वाट सोडून देणं ही दहावीच्या पेपरातली अगदी नेहमीची चूक आहे.

उजवीकडचा ४९ म्हणजेच आपला विवेचक (डिस्क्रिमिनंट). तो ऋण आला असता तर कुठल्याही वास्तव संख्येचा वर्ग ऋण नसल्यामुळे वास्तव मुळं मिळाली नसती. पुस्तकात हा नियम चौकटीत छापलेला असतो. या रीतीने सोडवलं की तो कुठून आला ते दिसतं.

दोन्ही उत्तरं धन आली तर?

दुकानात नारळ थरांत रचलेत. सर्वांत खालच्या थरात १७, आणि प्रत्येक थरात खालच्यापेक्षा २ कमी. एकूण नारळ ७७. थर किती?

ही अंकगणिती श्रेढी. पहिलं पद अ = १७, फरक ड = −२ (हे वजाचं चिन्ह उदाहरण वाचतानाच लिहून ठेवा), पदांची संख्या न. बेरीज:

न/२ × [२ × १७ + (न − १)(−२)] = ७७
न/२ × [३६ − २न] = ७७
न(१८ − न) = ७७
न² − १८न + ७७ = ०
(न − ७)(न − ११) = ०

न = ७ किंवा न = ११. "ऋण उत्तर सोडून द्यायचं" एवढंच पाठ असेल तर इथे अडकायला होतं, कारण दोन्ही उत्तरं धन आहेत आणि दोन्ही पूर्णांक आहेत. मग थर मांडून बघा: १७, १५, १३, ११, ९, ७, ५. सात थर, बेरीज ७७. पुढे जात राहिलो तर ३, १, −१, −३. या चौघांची बेरीज शून्य, म्हणून ११ पदांची बेरीजही ७७ च भरते. श्रेढीला ते चालतं, पण दहाव्या थरात उणे एक नारळ कुणी ठेवत नाही. उत्तर ७.

उत्तर का नाकारलं ते वहीत एका वाक्यात लिहाच. "११ वं पद −३ येतं, नारळांची संख्या ऋण नसते, म्हणून न = ११ ग्राह्य नाही." त्या वाक्यालाही गुण असतात.

माड मोजताना

त्रिकोणमितीचा धडा मी टॅनच्या तक्त्याने सुरू करत नाही. डिसेंबरात मुलांना अंगणात नेते. एकदा सुट्टीच्या दिवशी, दुपारी साडेबाराच्या सुमारास, एक मीटरची काठी उभी धरली. सावली भरली ८० सेंटीमीटर. कुंपणाजवळच्या माडाची सावली त्याच वेळी मोजली, १२ मीटर. (माड सरळ वाढलेला निवडावा लागतो. वाकलेल्या माडाच्या शेंड्याची सावली बुंध्यापासून भलतीकडेच पडते, आणि त्या दिवशी पहिला निवडलेला माड आम्हाला सोडावा लागला.)

सूर्याचे किरण समांतर येतात, म्हणून काठीचा आणि माडाचा त्रिकोण समरूप. उंची आणि सावली यांचं गुणोत्तर दोन्हीकडे तेच:

माडाची उंची/१२ = १/०.८
उंची = १५ मीटर

इथे १२ मीटर आणि ८० सेंटीमीटर तसेच भागले असते तर उत्तर १५ सेंटीमीटर आलं असतं. एककं आधी सारखी करा.

हेच १/०.८, म्हणजे १.२५ हे गुणोत्तर, त्याला टॅन म्हणतात. ज्या कोनाचा टॅन १.२५ तो कोन साधारण ५१ अंश. आणि हे ५१ अचानक आलेलं नाही. गोवा साधारण साडेपंधरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. २२ डिसेंबरच्या आसपास सूर्य साडेतेवीस अंश दक्षिणेला असतो. ९० मधून दोन्ही वजा करा, ५१ उरतात. काठी आणि मोजपट्टीने मुलांनी सूर्याची मध्यान्हीची उंची मोजली होती, आणि हे सांगितल्यावर ती परत काठी घेऊन अंगणात पळाली. आपल्या गोव्यातल्या कोसबेनला १९०७ साली जन्मलेले गणितज्ञ दामोदर धर्मानंद कोसंबी जुनी नाणी एकेक करून तराजूत तोलायचे आणि त्या वजनांवर संख्याशास्त्र लावून इतिहास वाचायचे. हातात धरून मोजलेली संख्या आणि पुस्तकातली संख्या यांत फरक पडतो तो असा.

आता परीक्षेतलं उदाहरण. मंगेशीच्या सात मजली दीपस्तंभासारखा एक दीपस्तंभ मनात आणा. जमिनीवरच्या एका बिंदूपासून त्याच्या टोकाचा उन्नतकोन (आडव्या रेषेपासून वर बघण्याचा कोन) ३० अंश आहे. त्याच्याकडे २० मीटर सरळ चालत गेल्यावर कोन ६० अंश होतो. उंची काढा.

आकृती काढा आणि लगेच एक गोष्ट तपासा: जवळ गेल्यावर मान जास्त वर करावी लागते, म्हणून मोठा कोन जवळच्या बिंदूवर. घाईत ३० आणि ६० यांची अदलाबदल होते आणि मग अंतर ऋण येतं.

समजा, उंची उ मीटर आणि जवळच्या बिंदूपासून बुंध्यापर्यंत अंतर क्ष मीटर. जवळच्या बिंदूवरून टॅन ६० = उ/क्ष, म्हणून उ = √३ क्ष. लांबच्या बिंदूवरून टॅन ३० = उ/(क्ष + २०), म्हणून क्ष + २० = √३ उ. पहिल्यातली किंमत दुसऱ्यात ठेवा:

क्ष + २० = √३ × √३ क्ष = ३क्ष
२क्ष = २०
क्ष = १०

उ = १०√३, साधारण १७.३ मीटर.

या उदाहरणाला दुसरी वाटही आहे, आणि ती मला फार आवडते. लांबचा बिंदू अ, जवळचा ब, टोक क. त्रिकोण अबक चा बाह्यकोन ब पाशी ६० अंश, त्यातला अ पाशी ३०, म्हणून क पाशीही ३० च उरतो. दोन कोन समान, म्हणून समोरच्या बाजूही समान: बक = अब = २०. साइन म्हणजे समोरची बाजू भागिले कर्ण, म्हणून उंची = २० × साइन ६० = २० × √३/२ = १०√३. दोन वेगळ्या वाटांनी एकच उत्तर आलं, याहून भरवशाचा ताळा नाही.

अवनतकोनात एकच लक्षात ठेवा. आग्वादच्या दीपगृहावरून होडी पाहताना कोन मोजायचा तो डोळ्यासमोरच्या आडव्या रेषेपासून खाली. दीपगृहाच्या भिंतीपासून मोजलात तर तुम्ही कोटिकोन, म्हणजे ९० मधून उरलेला कोन, घेतलात. म्हणून आकृतीत वर एक तुटक आडवी रेघ आधी ओढा.

दोन छोट्या जागा

टक्केवारीत प्रत्येक वेळी विचारा: टक्के कशाचे? खोलीचं भाडं १८ टक्के करासह २,३६० रुपये झालं, कराआधीचं भाडं किती? बरीच मुलं २,३६० चे १८ टक्के काढून वजा करतात आणि १,९३५ रुपये २० पैसे लिहितात. पण कर मूळ भाड्यावर लागला होता. मूळ भाडं क्ष धरलं तर १.१८क्ष = २,३६०, म्हणून क्ष = २,०००. ताळा सोपा: २,००० चे १८ टक्के ३६०.

घनफळात त्रिज्या आणि व्यास. विहिरीचा व्यास २.८ मीटर, पाणी २.५ मीटर खोल. त्रिज्या १.४, म्हणून घनफळ २२/७ × १.४ × १.४ × २.५ = १५.४ घनमीटर, म्हणजे १५,४०० लीटर. व्यासच सूत्रात घातला तर उत्तर चौपट होतं, दुप्पट नाही, कारण त्रिज्येचा वर्ग आहे.

सिद्धता लिहिताना

भूमितीत मुलं घाबरतात ती "कारण" या शब्दाला. बाहेरच्या बिंदूपासून वर्तुळाला काढलेल्या दोन स्पर्शिकांची लांबी समान असते, हे सिद्ध करायचं आहे. आकृती काढली की ते दिसतंच, आणि तिथेच घात होतो: "आकृतीवरून" असं कारण लिहिलं जातं.

पक्ष: वर्तुळाचं केंद्र म, बाहेरचा बिंदू प, स्पर्शबिंदू अ आणि ब. साध्य: पअ = पब. रचना: मअ, मब आणि मप जोडा. आता त्रिकोण पअम आणि पबम पाहा. अ आणि ब पाशी काटकोन, कारण स्पर्शिका स्पर्शबिंदूतून जाणाऱ्या त्रिज्येला लंब असते. मअ = मब, कारण एकाच वर्तुळाच्या त्रिज्या. मप दोघांत सामाईक, आणि तो कर्ण. कर्ण-भुजा कसोटीने दोन्ही त्रिकोण एकरूप, म्हणून पअ = पब.

प्रत्येक ओळीला "का?" विचारा. उत्तर व्याख्या, पक्ष किंवा आधी शिकलेलं प्रमेय यांतून आलं तर ओळ टिकते. आणि उदाहरणात नुसता "त्रिकोण" म्हटला असेल तर समभुज काढू नका, मुद्दाम वेडावाकडा काढा. देखण्या आकृतीत न दिलेल्या गोष्टीही खऱ्या वाटायला लागतात.

स्वतः करून पाहा

पाच वर्षांपूर्वी आईचं वय मुलीच्या वयाच्या पाचपट होतं. आजपासून १३ वर्षांनी ते दुप्पट असेल. आजची वयं किती? (पाच वर्षं दोघींच्याही वयातून वजा होतात. मुलगी ११, आई ३५.)

कदंबाची, म्हणजे गोव्याच्या सरकारी बससेवेची, एक बस ६० किमीचा रस्ता ठरावीक वेगाने जाते. पावसात वेग ताशी १० किमीने कमी ठेवला तर ३० मिनिटं जास्त लागतात. नेहमीचा वेग किती? तीन रकाने आखा आणि अर्धा तास विसरू नका. समीकरण क्ष² − १०क्ष − १२०० = ० येईल, आणि वेग ताशी ४० किमी. ताळा बसमध्ये बसून घ्या: नेहमी दीड तास, पावसात दोन.